बिनकुटाची भाजी

मी गाव सोडलं त्या दिवशी वडूजच्या स्टँडवर माझ्याजवळ एक ट्रंक, एक वळकटी आणि अर्धं पोतं शेंगा होत्या. ट्रंक आणि वळकटी माझी. शेंगा शालनच्या. शालन माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघींनी कितीतरी वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला, आणि चुली वेगळ्या झाल्यावरही भांडायला एकाच ओसरीवर बसलो. त्या दिवशी गाडी लागली तसं तिने पोतं उचलून कंडक्टरच्या पायाशी टाकलं आणि मला म्हणाली, "आक्का, तितं समदं इकत घ्यावं लागतंय म्हनं. ऱ्हाऊ द्या जवळ. पोरीच्या तोंडात पडंल."

मग पदराची गाठ सोडून भाजलेले दाणे माझ्या ओंजळीत ओतले. "वाटंत खावा."

आम्ही रडलो नाही. रडायला वेळही नव्हता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. गाडी विट्याच्या रस्त्याला लागली आणि मी दाणे खायला सुरुवात केली. सालं खिडकीतून उडवत सांगलीपर्यंत खात आले. आमचे मालक फौजेतून पेन्शनवर आले, वीस वर्षं शेती केली, आणि गेले. त्याला वर्ष झालं तेव्हा माझा मुलगा संजय म्हणाला, "आई, आता सांगलीला चल. पडलीस तर उचलणार कोण?" मी म्हटलं, "शालन हाय की." तो म्हणाला, "तिचे गुडघे तुझ्यापेक्षा वाईट आहेत." ते खरं होतं, म्हणून मी गेले. गाव सोडायला यापेक्षा मोठं कारण लागत नाही.

संजयचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. मी पायऱ्या चढून दारात पोचले आणि माझी नात ओवी, तेव्हा पाच वर्षांची, धावत आली. सून अश्विनीने तिला मागून फ्रॉकला धरलं. "थांब जरा. आई, आधी हात धुता का? साबणाने. आणि तोंडही." मग संजयच्या खांद्यावरचं पोतं बघून म्हणाली, "ते आत नको. खाली वॉचमनकाकांना देऊन टाक."

म्हणजे माझ्या गावची शेंग उंबऱ्याबाहेर आणि मी मोरीत. मी हात धुतले, चूळ भरली, लुगडंही बदललं, आणि तोवर पोतं खाली गेलं होतं. खोटं कशाला सांगू, ते मी पुष्कळ दिवस मनात धरून ठेवलं.

ओवीला शेंगदाणा चालत नाही हे फोनवर ऐकलं होतं. दीड वर्षाची असताना कुणीतरी हौसेनं दाण्याच्या लाडवाचा तुकडा तिला भरवला. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, ॲलर्जी आहे, शेंगदाणा कायमचा बंद, कणभरही नाही. मला वाटलं, शहरातल्या पोरांना असलं काहीतरी असतंच. हळूहळू सवय लावली की जाईल. हे मी एकदा अश्विनीला बोलूनही दाखवलं. "आमच्या वेळी आसलं काय नव्हतं," असं म्हटलं.

अश्विनी शाळेत शिकवते. ती आवाज चढवत नाही. म्हणाली, "तुमच्या वेळी पोरं जायची, आई. कशानं गेली ते कुणी विचारत नव्हतं."

बाहेरचं लागलं म्हणून गेलेली आमच्या आळीतलीच तीन पोरं मला आठवली. ती कशानं गेली ते मला माहीत नाही. पण बाहेरचं म्हणजे काय, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं एवढं खरं.

आता शेंगदाण्याशिवाय घर चालवणं म्हणजे काय, हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला कळणार नाही. खटाव तालुक्यात पाणी कमी. ऊसवाल्यांच्या गोष्टी आम्ही लांबून ऐकायच्या. आमच्याकडे ज्वारी आणि भुईमूग. वांग्याच्या भाजीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, घरात काहीच नसलं की म्हाद्या, म्हणजे नुसत्या कुटाचं कालवण, संक्रांतीला शेंगपोळी. पाव्हणा दारात आला की पाण्याच्या तांब्याबरोबर गूळ आणि शेंगदाणे. आधी ते द्यायचे, मग नाव-गाव विचारायचं. आई मला म्हणायची, "पातळ आमटी वाढलीस तर सासरी माझं नाव निघंल." त्यामुळे कूट टाकताना माझा हात कधी थांबला नाही. मीठ टाकलं हे जसं कुणी सांगत नाही, तसं कूट टाकला हेही आम्ही सांगत नाही. तो असतोच.

सांगलीच्या घरात मी खोबरं, तीळ आणि डाळीचं पीठ यांवर स्वयंपाक शिकले. साठीनंतर. पहिली भाजी केली ती संजयने मुकाट्याने खाल्ली, आणि कूट नसल्याचं मला त्याच्या तोंडावर दिसलं. तीळही डॉक्टरांना विचारून घेतले. दुकानातून बिस्किटाचा पुडा आणला की आधी मागची बारीक अक्षरं वाचायची. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. मग अश्विनीने कागदावर शेंगदाण्याचा इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवला. मला इंग्रजीत माझं नाव वाचता येत नाही, पण तो एक शब्द मी कुठेही ओळखते.

घरात सगळं जमलं. अडत होतं ते बाहेर खायला जाण्यात.

गावात असताना मी हॉटेलात जेवले असेन ती चार-दोन वेळा, तीही दवाखान्याच्या निमित्ताने मिरजेला गेल्यावर. इथे लोक रविवारी घरात धान्य असताना बाहेर जेवतात. आम्ही गेलो की अश्विनी वेटरला उभं करून विचारायची. तेल कुठलं? ग्रेव्हीत कूट आहे का? कढई वेगळी घ्याल का? चटणीचा चमचा भाजीत जातो का? वेटर मान हलवत असायचा आणि मला शेजारच्या टेबलाकडे बघायची लाज वाटायची. संजय मोबाइलमध्ये तोंड घालायचा. आणि एवढं विचारून शेवटी ओवीच्या पुढ्यात घरचा डबाच उघडायचा. सगळ्यांच्या ताटात वाफ निघतेय आणि ही गार पोळी खातेय.

एकदा ती म्हणाली, "आज्जी, मी कधीच हॉटेलची प्लेट घेतली नाही. माझ्या वर्गात सगळ्यांनी घेतलीय." तक्रार नव्हती, नुसतं सांगत होती. मला ते लागलं.

ती सहाची झाली त्या वर्षी आम्ही एका रविवारी दुपारी मिरज रस्त्यावरच्या एका हॉटेलात गेलो. नाव सांगत नाही, सांगून उपयोग नाही. अश्विनीने नेहमीसारखं सगळं विचारलं. वेटर जाणता होता. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, पनीरची भाजी बिनकुटाची करून देतो. कढई धुऊन घेतलीय." अश्विनीने डबा पिशवीतच ठेवला. ओवीच्या पुढ्यात पहिल्यांदा हॉटेलची प्लेट येणार होती. ती खुर्चीवर गुडघे टेकून किचनच्या दाराकडे बघत बसली.

मी हात धुवायला उठले. बेसिनशेजारी दुसरा एक वेटर पाणी भरत होता. बाजूच्या टेबलावर लालभडक रस्सा जाताना मला दिसला. हे पोरीला कसं झेपायचं? मी त्याला म्हटलं, "बाळा, कोपऱ्यातल्या टेबलावर ल्हान पोरगी हाय. तिच्या भाजीचं तिखाट जरा कमी करायला सांग."

"सांगतो की, आज्जी," म्हणून तो आत गेला. मी येऊन बसले. हे कुणाला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. तिखट कमी कर म्हणणं ही काय सांगायची गोष्ट आहे?

भाजी आली. ओवीने पहिला घास घेतला आणि हसली. दुसरा घेतला. तिसऱ्याला थांबली. "आई, घशात कसंतरी होतंय."

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ पाहिलं आहे, पण पोरीचा चेहरा डोळ्यांदेखत तसा बदलताना पाहिला नव्हता. ओठ फुगले. मानेवर गांधी चढत गेल्या. ती खोकायला लागली, आणि खोकल्याचा आवाज कुत्र्याच्या पिलासारखा. अश्विनीने पिशवीतून पेनासारखं एक इंजेक्शन काढलं. डॉक्टरांनी ते परदेशातून मागवून दिलेलं, ती कुठेही जाताना ते घेतल्याशिवाय जात नसे, आणि मी मनातल्या मनात त्याला हसत असे. तिने ते फ्रॉकवरूनच ओवीच्या मांडीत दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. मग संजयला म्हणाली, "गाडी काढ. तिला उचलून घे, चालवायची नाही."

संजय पोरीला उचलून धावला, अश्विनी मागे. ओवीची एक चप्पल किचनच्या दाराशी पडली होती ती घ्यायला मी वाकले. दारात आचारी उभा होता, हातात झारा तसाच.

"काय झालं वं आज्जी?"

"तिला शेंगदाणा चालत न्हाई. जीवावर बेततं."

त्याचा झारा खाली आला. "आवं, मग मीच की... बिनकूट सांगितल्ती, म्हनून तशीच केल्ती. मग सांगावा आला, ल्हान पोरगी हाय, तिखाट मारा. झालेल्या भाजीचं तिखाट कशानं मरतंय? मूठभर कूट टाकला. मला वाटलं, कूट नको ते डाएटसाटी. हितं लय लोकं सांगत्यात तसं. पोरीचं म्हनून चांगला बारीक बघून टाकला, आज्जी."

मीही तेच केलं असतं. आमच्या घरी तिखट झालेल्या आमटीत पोरांसाठी मी जन्मभर तेच केलं आहे. आणि सांगावा पाठवणारी मीच होते.

मी पळत जाऊन गाडीत बसले. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ओवीला आत घेतलं. काही वेळाने बाहेर येऊन म्हणाले की इंजेक्शन वेळेवर दिलंत म्हणून बरं, श्वास सुधारतोय, पण उद्यापर्यंत नजरेखाली ठेवू, कारण पुन्हा उलटू शकतं. तेव्हा कुठे संजयला राग आला. त्याने हॉटेलच्या मालकाला फोन लावला. "बिनकूट सांगितलं होतं की नाही? मग कूट आलाच कसा? त्या आचाऱ्याला आजच्या आज काढा. नाहीतर मी पोलिसात जातो."

मी बाकड्यावर बसले होते. हातात चप्पल. गप्प बसले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. हेही माझ्या मनात आलं, ते लपवत नाही.

"फोन ठेव," मी म्हटलं.

"आई, तू मधे पडू नको."

"मी आधीच पडलीय. तिखाट कमी करायला मी सांगितलं. त्यानं तिखाट मारायला कूट घातला. ठेव फोन."

संजयने फोन ठेवला. अश्विनी माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्या वेळात मी मनाने वडूजच्या गाडीत बसले होते. ट्रंक माळ्यावर होती, वळकटी कपाटात, बांधायला काय लागतं? सून म्हणेल, आई, तुमच्याजवळ पोर ठेवायची आता भीती वाटते. आणि तिचं बरोबरच असेल. शालनला काय सांगायचं तेसुद्धा मी जुळवलं होतं. गुडघ्यांना सांगलीची हवा मानवली नाही.

अश्विनी माझ्याजवळ आली. माझ्या हातातली चप्पल घेतली. म्हणाली, "पुढच्या वेळी, आई, मी एकदा सांगून झालं की मधे कुणी काही सांगायचं नाही. तुम्हीही नाही, संजयनेही नाही. काही बदलायचं असेल तर मला सांगायचं." आणि जरा थांबून, "चूक माझीही आहे. मी कूट नको म्हणाले. का नको ते आतपर्यंत गेलंच नाही."

मी पुढचं सगळं नंतर ऐकलं. तेव्हा 'पुढच्या वेळी' एवढंच ऐकलं. मग मला रडू आलं. वडूजच्या स्टँडवरचंही त्यात असावं.

आठ दिवसांनी मी संजयला घेऊन त्या हॉटेलात गेले. आचाऱ्याने माझ्याकडे बघितल्याबरोबर आधी विचारलं, "पोरगी बरी हाय न्हवं?" मी सांगितलं, बरी आहे, आणि सांगावा माझा होता. तो म्हणाला, "आज्जी, जीवाचं हाय येवडं म्हनला आसता, तर मी त्या दिवशी कुटाचा डबा कुलपात घातला आसता."

तेव्हापासून मी वेटरशी बोलत नाही. आम्ही हॉटेलात गेलो की मी पदर खोचते आणि थेट किचनच्या दाराशी जाऊन उभी राहते. भरल्या हॉटेलात जातच नाही, साडेअकराला जातो, आचारी मोकळा असतो तेव्हा. आधी त्याचं गाव विचारायचं. मग म्हणायचं, माझ्या नातीचा घसा शेंगदाण्यानं बंद होतो, आवडीनिवडीचं नाही, जीवाचं आहे. आणि मग एक प्रश्न, जो अश्विनीला तिच्या एवढ्या शिक्षणात सुचला नव्हता आणि मला चूक करून सुचला: "तिखाट जास्त झालं तर काय घालता? रस्सा पातळ झाला तर काय घालता?" मलकापूरला हायवेवरच्या एका हॉटेलात एकजण छाती पुढे काढून म्हणाला, "आमच्यात शेंगदाना न्हाईच आज्जी, ग्यारंटी." मी विचारलं, "आनि रस्सा पातळ झाला तर?" तो म्हणाला, "मग काय, मूठभर कूट." आम्ही उठलो. डबा गाडीत होताच. तो मागून ओरडत राहिला, "आवं पन तेवडाच की!"

शहरात आलेल्या माझ्यासारख्या बायकांना मी एवढंच सांगते. सुना वेटरला विचारतात तेव्हा लाजू नका. आणि हौसेनं मधे काही घालू नका, काही बोलू नका. आपली माया आपल्याला माहीत असते, पोराच्या घशाला नसते.

गेल्या संक्रांतीच्या आधी शालनचा फोन आला. "आक्का, तीन वर्सं झाली. पोरीला गाव दावा की." मला भीती वाटली. हॉटेलात एका आचाऱ्याला सांगता येतं. गावात घराघरात कुटाचा डबा, दारोदारी गूळ-शेंगदाणे, सणाला शेंगपोळी. तिथे कुणाकुणाला सांगणार? मी शालनला सगळं सांगितलं, हॉटेलातलंही. ती म्हणाली, "या तुमी. बगते मी."

आम्ही पोचलो तेव्हा ओसरी शेणाने सारवलेली नव्हे, पाण्याने धुतलेली होती. शेंगांची पोती भावकीत नेऊन ठेवलेली. चुलीवर नवी कढई. शालन तांब्या आणि ताटली घेऊन बाहेर आली. ताटलीत गूळ आणि शेंगदाण्यांच्या जागी फुटाणे. तिच्या तोंडावर मोठं काम केल्याचा आनंद होता.

ओवी आता आठ वर्षांची आहे. तिने ताटलीकडे बघितलं, हात मागे घेतला आणि म्हणाली, "छोटी आज्जी, हे फुटाणे कुठल्या भट्टीत भाजलेत? तिथे शेंगदाणे पण भाजतात का?"

शालनने माझ्याकडे बघितलं. "भाजत्यात की. येकच भट्टी हाय गावात." आणि मग तिला उमगलं. ताटली तशीच हातात धरून म्हणाली, "आता निसता गूळ देऊ व्हय पाव्हणीला? लोकं काय म्हनतील?"

"निसता दे," मी म्हटलं.

तिने आत जाऊन ताटली घासली आणि गुळाचा एक खडा आणून ओवीच्या हातावर ठेवला. नुसता गूळ आणि पाणी. आमच्या घरात पाव्हण्याला असं पहिल्यांदा मिळालं. सणाच्या पोळ्या तिने तिळाच्या केल्या. पहिलीच खेप, दोन फुटल्या, त्या तिने मला वाढल्या.

कुणी विचारतं, आता तुमचं गाव कुठलं? मी दोन्ही सांगते. पूर्वी मला वाटायचं, न विचारता ताटात वाढतात ते घर. आता मी आधी विचारते, मग वाढते, आणि मला परकं वाटत नाही.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. संजयची गाडी बिघडली होती, म्हणून आलो तसे एसटीनेच. तोच वडूजचा स्टँड. शालनबरोबर या खेपेला पोतं नव्हतं, पदराला गाठ नव्हती. मोकळे हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. गाडी लागली तशी म्हणाली, "थांबा जरा," आणि स्टँडच्या नळाकडे गेली. कनवटीला साबणाची वडी बांधून आणली होती. तिने कोपरापर्यंत हात धुतले, चूळ भरली, पदराला न पुसता तसेच ओले हात घेऊन आली आणि ओवीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.